मालवणात स्कुबा: आधी तिथी बघा, मग रजा टाका

पावसाळ्यात 26 मे ते 31 ऑगस्ट जलपर्यटन बंद असतं. कागदावर हंगाम 1 सप्टेंबरला उघडतो, पण तेव्हा समुद्राचा जोर ओसरलेला नसतो आणि नद्या गढूळ पाणी ओतत असतात. मालवण-तारकर्लीच्या बोटी खऱ्या अर्थाने धंद्याला लागतात त्या दसऱ्याच्या सुमारास.

हा वृत्तांत आश्विन शुद्ध एकादशीचा, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. सकाळी साडेसातला दांडी किनाऱ्यावरून बोट सुटली आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी नांगर पडला. पाणी हिरवट, दृश्यता जेमतेम तीन मीटर. तीन मीटर म्हणजे गाइडचा चेहरा स्वच्छ दिसतो, पलीकडचा खडक नाही. पट्टेरी सार्जंट मासे आणि बटरफ्लाय मासे हाताच्या अंतरावर येतात, पोवळ्यांवर मात्र गाळाची पातळ साय बसलेली असते. फोटोसाठी यायचं असेल तर डिसेंबर गाठा. पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घ्यायला शिकायचं असेल तर हे दिवस वाईट नाहीत, कारण गर्दी नसते आणि गाइडला घाई नसते.

एकादशी योगायोगाने निवडलेली नव्हती. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. अकराची पाऊणपट सव्वाआठ. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून भरतीच्या तक्त्याशी ताडून घ्यावं, पण रजा टाकताना एवढा अंदाज पुरतो. भरतीबरोबर बाहेरचं निवळ पाणी आत येतं; ओहोटी लागली की कर्ली आणि कोळंबच्या खाड्यांतला गाळ बाहेर पडतो. त्यात अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे असतात, भरती-ओहोटीतला फरक कमी, म्हणून ओढही कमी. सकाळची भरती आणि सौम्य ओढ दोन्ही साधायची तर दशमी-एकादशी उत्तम, पक्ष कुठलाही असो. दिवाळीच्या सुट्टीत सगळे येतात तेव्हा नेमकी अमावस्या, म्हणजे उधाण. ओढ जास्त, गाळ ढवळलेला, आणि वर रांगा.

दुसरा हिशोब वाऱ्याचा. सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, पाणी तेलासारखं पडून राहतं. साडेदहा-अकरानंतर खारा वारा धरतो आणि छोट्या बोटी हलायला लागतात. बोट लागण्याचा त्रास होतो तो बहुतेकदा नांगरलेल्या बोटीत पाळीची वाट बघताना. म्हणून पहिलीच फेरी पकडा. नाश्ता दीड-दोन तास आधी आणि हलका. घावणे-चटणी चालेल, तळलेलं नको. ऑक्टोबरात दुपारनंतर विजांसह परतीचा पाऊसही येतो. बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा असेल तर बोटवाल्याशी हुज्जत घालू नका.

आता मुख्य अडचण: कान. बरेच लोक घाबरतात ते कानामुळे, श्वासामुळे नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, पण कानातली हवा सगळ्यात वेगाने आकसते ती पहिल्या काही मीटरांतच. नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलायची, तीही दर अर्ध्या-एक मीटरला, दुखायच्या आधी. दुखायला लागल्यावर जोर लावला तर घशातून कानाकडे जाणारी नळी आणखी दबते. अशा वेळी मीटरभर वर येऊन पुन्हा करायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी स्कुबा नाहीच, औषध घेऊनही नाही. खाली असताना औषधाचा असर उतरला तर वर येताना कानात हवा अडकते. दमा, हृदयविकार, गर्भारपण असेल तर किनाऱ्यावर थांबा. आणि श्वास कधीही रोखायचा नाही. हे गाइड सांगतो, तरी माणूस विसरतोच.

मास्क स्वतः तपासून घ्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर माप बरोबर. गळतो तो केसांच्या बटेमुळे किंवा मिशीमुळे. मिशीची वरची रेघ जराशी कापली तर भागतं. आत थुंकी चोळून खळखळवलं की धुकं धरत नाही. काही बोटींवर टाकी पाठीवर न देता बोटीतच ठेवतात आणि लांब नळीने हवा देतात. त्यात फिरणं कमी होतं, म्हणून पैसे ठरवतानाच विचारून घ्या. पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटं आणि एका गाइडमागे किती माणसं, हेही तेव्हाच. उत्तर ‘एकाला एक’ नसेल तर दुसरी बोट बघा.

खाली गेल्यावर पाय झाडू नका. हंगामाच्या सुरुवातीला खडकावरचा गाळ इतका ताजा असतो की दोन लाथांत तीन मीटरची दृश्यता एकावर येते, मागून येणाऱ्याचीही. हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. पोवळ्यावर उभं राहणं आणि शंख-शिंपले उचलणं टाळा. उथळ वाळूत चालताना पाय घासत टाका, पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) असेल तर आधीच सरकतं.

मुंबईहून येणाऱ्यांनी कुडाळला उतरावं. तिथून मालवण तीसेक किलोमीटर. ऑक्टोबरात कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक कधी संपतं ते बघूनच तिकीट काढा, गाड्यांच्या वेळा बदलतात.

परतीचं नियोजन मात्र निघायच्या वेळेपासून मागे मोजत करा. एका डाइव्हनंतर विमानात बसायला किमान 12 तास जाऊ द्यावेत, म्हणजे चिपीहून त्याच दुपारचं विमान नको. कोल्हापूर-बेळगावकडच्या मंडळींच्या हे लक्षात येत नाही, पण आंबोली घाट जवळपास सातशे मीटरवर चढतो, आणि विमानासारखाच तिथेही हवेचा दाब कमी होतो. पाच-सहा मीटरच्या डाइव्हने धोका थोडाच असतो. तरी रात्री मालवणात राहून सकाळी घाट चढावा.