उणे २० अंशांवरचे नमुने

नमुन्यातली मेदाम्ले वेगवेगळी करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्राचे ते आलेख पाहून आमचे प्रकल्पप्रमुख हरखून गेले होते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या लाल पेशींत डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल निरोगी व्यक्तींच्या जेमतेम निम्मे भरत होते. या आजाराचे मूळ पेशीपटलातील मेदांच्या बिघाडात असावे, हे संशोधक डेव्हिड हॉरोबिन यांचे गृहीतक आपल्याच यंत्रावर सिद्ध झाले, असे त्यांना वाटले.

मला ते आलेख खटकले. दोन दुहेरी बंधांचे लिनोलेइक आम्ल जवळपास जागच्या जागी होते, चार बंधांचे अ‍ॅराकिडोनिक आम्ल घटले होते आणि सहा बंधांचे डीएचए सर्वाधिक घटले होते. दुहेरी बंध जितके जास्त, तितके मेदाम्ल ऑक्सिजनमुळे लवकर नासते; म्हणजे ही ऑक्सिडीकरणाची खूण आहे. प्रश्न एवढाच, की ते रुग्णाच्या शरीरात झाले की आमच्या नळीत?

लाल पेशी हाताळणे हे नाजूक काम आहे. प्लाझ्मा काढल्यावर वरचा पांढऱ्या पेशींचा पातळ थर पुरता उचलायचा, पेशी गार सलाईनने पुन्हापुन्हा धुवायच्या, ऑक्सिडीकरण रोखणारे बीएचटी हे रसायन घालायचे, ऑक्सिजन हटवायला नळीत नायट्रोजन सोडायचा आणि ती तडक उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायची. उणे २० अंशांवर पेशी फुटतात, हिमोग्लोबिनमधले लोह मोकळे होते आणि गोठलेल्या नळीतही मेदाम्ले नासवत राहते.

मी नोंदवही काढली. निरोगी गटाचे नमुने आमच्याच संस्थेतले, त्याच दिवशी उणे ८० वर गेलेले; रुग्णांचे नमुने बाहेरच्या रुग्णालयातून आलेले आणि तिथे कित्येक आठवडे साध्या उणे २० च्या फ्रीजरमध्ये पडून राहिलेले. खातरजमा म्हणून मी निरोगी व्यक्तींचे ताजे नमुने दोन भागांत वाटून दोन्ही तापमानांना ठेवले. काही आठवड्यांनी उणे २० वरच्या भागात तीच घट, त्याच क्रमाने दिसली. "सगळेच असे ठेवतात," असे एक सहकारी म्हणाले. याचा मला आजही संताप येतो. लाखोंचे यंत्र घ्यायला निधी मिळतो, पण नमुना जिथे घेतला जातो तिथे फ्रीजर आणि जनरेटर द्यायला मिळत नाही.

म्हणून हा संबंधच खोटा, असे मात्र मी म्हणणार नाही. औषधे सुरू न झालेल्या रुग्णांतही डीएचए आणि अ‍ॅराकिडोनिक आम्ल कमी असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसते. आजाराचा मोठा धोका असलेल्या ८१ तरुणांवरील व्हिएन्नातील अभ्यासात, २०१० साली, बारा आठवडे ओमेगा-३ घेणाऱ्यांपैकी ४.९ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के वर्षभरात आजारी पडले. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, ३०४ जणांवरील बहुकेंद्री अभ्यासात असा फरक आढळला नाही.

रुग्णांचे रक्त पुन्हा घेताना एका आईने विचारले, "जवसाची चटणी रोज दिली तर गोळ्या बंद करता येतील का हो?" गोळ्या अजिबात थांबवू नका, असे मी त्यांना निक्षून सांगितले, जवसातल्या मेदाम्लाचे शरीरात डीएचए फारच थोडे होते, हेही समजावले. आता रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांचे नमुने जोडीने घेतले जातात आणि एकाच फ्रीजरमध्ये राहतात. त्यांतही जो थोडा फरक उरला आहे, त्यात आजाराचा वाटा किती आणि धूम्रपानाचा व आहाराचा किती, हे वेगळे काढण्याचे काम सुरू आहे.