तुम्ही विचारलंत म्हणून: थंडीत नदीवर गळ टाकायला सामान कुठलं घ्यावं

दर वर्षी मंडळाच्या दिवाळीत कुणी ना कुणी फराळाची प्लेट हातात घेऊन गाठतंच, अहो तुमच्या त्या थंडीतल्या फिशिंगला मलाही यायचंय, काठी कुठली घेऊ सांगा. आणि त्याच्या मागून दुसरा, शेवटी सोडूनच देता तर एवढ्या थंडीत जाता कशाला? दुसऱ्याला उत्तर माझ्याकडं नाही, बायकोलाही गेली कित्येक वर्षं ते देता आलेलं नाही. पहिल्याचं आहे पण लांबलचक आहे, चकली संपेपर्यंत होत नाही, म्हणून इथं लिहून टाकतो.

मी राहतो इंग्लंडमधल्या रेडिंगला, इथं केनेट नदी थेम्सला येऊन मिळते. मूळचा कऱ्हाडचा, त्यामुळं संगमाच्या गावात राहायची सवय जुनीच. लहानपणी चुलत्यांचं सामान म्हणजे वेळूची काठी, तंगूस, गळ आणि कणकेची गोळी, विषय संपला. त्या हिशेबानं इथल्या दुकानात गेलो आणि चक्रावलोच, एक भिंत नुसती काठ्यांची. मग आपला देशी स्वभाव, "बेस्ट असेल ते द्या". घरी आलं काय तर कार्प नावाच्या जाडजूड माशासाठीची 3 पौंडी दणकट काठी, नारळाएवढं रीळ, 15 पौंडाची लाइन म्हणजे तंगूस (हे पौंड किमतीचे नव्हेत, ताकदीचे), मासा लागला की किंचाळणारा अलार्म आणि वर एक तंबू. दुकानदाराची चूक नाही, तळ्यावर उन्हाळ्यात ते सामान झकास आहे. मी ते जानेवारीत नदीवर नेलं, सलग चार रविवार तंबूत बसून थर्मासमधला चहा प्यालो आणि मोकळ्या हातानं परत.

आता मी करतो ते कोर्स फिशिंग म्हणजे काय तेही विचारतात. गोड्या पाण्यातले मासे इथं दोन जातीत बसवलेत, सॅमन-ट्राउट म्हणजे गेम, खानदानी, बाकी रोच, डेस, चब, बार्बेल, पर्च, पाइक सगळे कोर्स, म्हणजे भरड. (ग्रेलिंग बिचारा सॅमनच्याच कुळातला, पण कायद्यानं भरडात टाकलाय.) आपल्याकडच्या रोहू, कटला, महसीरचे लांबचे भाऊबंद या भरडातच भेटतात, मिशावाला बार्बेल बघितला तर लगेच पटेल. इंग्लंडमधल्या नद्यांवर यांचा सीझन 16 जूनला उघडतो आणि 14 मार्चला संपतो. वय 13 पासून पुढं सगळ्यांना रॉड लायसन्स लागतं आणि नदीच्या त्या तुकड्याचं परमिट किंवा डे तिकीट वेगळं, दोन्ही खिशात ठेवा, विचारतात.

तर थंडी. मासा थंड रक्ताचा, पाणी 5-6 डिग्रीवर आलं की त्याचं पचनच मंदावतं, दिवसाला दोन घास खाल्ले तरी भागतं आणि त्या घासासाठी तो वीतभरसुद्धा सरकायला बघत नाही. बार्बेल तर अशा पाण्यात जवळजवळ दुकान बंद करतो, खातो तो चब, म्हणून हिवाळ्यात मी चबच्याच मागं असतो. आणि मासा सरकत नसेल तर आपण सरकायचं, एवढी एकच गोष्ट मला चार रविवार घालवून कळली. सगळं सामान एका हातात उचलून शंभर पावलं पुढं जाता आलं पाहिजे, तंबू घेऊन कोण जातंय?

काठी 11-12 फुटी, टेस्ट कर्व्ह सव्वा पौंड (टोक काटकोनात वाकवायला किती वजन लागतं तो आकडा), शेंड्याला बदलता येणारी क्विव्हर टिप, म्हणजे मासा चाखला तरी थरथरणारं बारीक लवचिक टोक (औंस कमी तितकं ते मऊ). पाणी संथ असेल तर 1 औंसाची टिप, नदी चढलेली असेल तर 2-3 औंसाची. थंडीतला घास इतका हलका असतो की जाड टोकाला तो कळतच नाही, माझ्या 3 पौंडी काठीवर किती चब ब्रेड चाखून गेले असतील देव जाणे. रीळ लहान, लाइन 5-6 पौंड, ब्रेडला 6 नाहीतर 8 नंबरचा गळ, आळ्यांना 16 (नंबर मोठा तितका गळ बारीक). वजनाला दोन-तीन मोठे छर्रे पुरतात, फक्त शिशाचे नकोत, 28 ग्रॅमपर्यंतच्या शिशाला 1987 पासून इथं बंदी आहे, हंस ते गिळून मरायचे. फ्लोट (तरंगती खूण) सोडून प्रवाहाबरोबर वाहवत न्यायची पण मजा आहे, पण त्याला 13 फुटी काठी वेगळी, पहिल्या वर्षी त्या नादाला लागू नका.

आमिष सर्वात स्वस्त: ताजा पांढरा ब्रेड. नाहीतर चीज आणि ब्रेडचा चुरा मळून केलेला गोळा, फक्त हा गार पाण्यात दगड होतो आणि मग गळ त्यातून बाहेरच येत नाही, तेव्हा घरी मळताना हाताला चिकटेल इतका मऊ ठेवा. मी लसूण घालतो. आळ्या चालतात, पण त्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात, आणि त्यावरून आमच्या घरात एकदा जे झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पाण्याचं तापमान बघायला एक थर्मामीटर मात्र घ्याच, माझी सगळ्यात कामाची खरेदी तीच. पहिल्यांदा दव गोठून पांढरं पडलं किंवा बर्फ वितळून पाणी आलं की घरी बसा. दोन दिवस नैर्ऋत्येचा उबदार वारा वाहिला, पूर ओसरतोय, गढूळपणा निवळायला लागलाय, की मग रजा टाकून जा. पळतं पाणी आणि संथ पाणी जिथं घासतं ती रेघ शोधा, किंवा वाळुंजाच्या लोंबत्या फांद्यांत काडीकचरा अडकून छप्पर झालेलं असतं त्याच्या खाली. पाच-सहा जागांवर मूठ मूठ ब्रेडचा चुरा टाकत जायचं, मग परत पहिल्या जागेपासून सुरू, एकीकडं वीस मिनिटं, बास. काठीच्या कड्यांत बर्फ धरतो तेव्हा टोक पाण्यात बुडवून काढायचं.

माझा पहिला चब लागला तो पाचव्या रविवारी, उसन्या हलक्या काठीवर, दिवस मावळून टोक जेमतेम दिसत होतं तेव्हा. दोनदा नुसतं थरथरलं, मग म्हातारं माणूस देवापुढं वाकतं तसं सावकाश वाकलं. 4 पौंडाला थोडा कमी, पितळी खवल्यांचा. ओल्या मॅटवर ठेवला, हात ओले करून गळ काढला, सोडला. खायचा मासा आम्ही बांगलादेशी दुकानातून आणतो, नदीतला मोठा चब घरी न्यायला तसंही बंदी आहे.

तंबू आणि अलार्म अजून गॅरेजमध्ये आहेत, अलार्मची बॅटरीही ओरिजनलच. कुणाला उन्हाळ्यात तळ्यावर जायचं असेल तर येऊन घेऊन जा, चहा पण मिळेल.