तुम्ही विचारलंत म्हणून: धर्मसंस्थेच्या महाविद्यालयात संगणकाची पदवी

बारावीचा निकाल लागला की आमच्या विभागाच्या दारात पालकांची ये-जा सुरू होते आणि एक प्रश्न दरवर्षी न चुकता येतो. जळगाव जिल्ह्यातील एका मुस्लिम अल्पसंख्याक संस्थेच्या महाविद्यालयात मी एकोणीस वर्षे संगणकशास्त्र शिकवते आहे. माझे माहेर पारोळ्याचे आणि घर वारकऱ्यांचे, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी विचारला जातो. हिंदू पालक आवाज थोडा खाली आणून विचारतात, “मॅडम, आमच्या मुलाला तिथे धर्म तर शिकवणार नाहीत ना?” मुस्लिम पालक विचारतात, “माहौल चांगला आहे हे ठाऊक आहे, पण कॉम्प्युटर नीट शिकवतात का?” यंदा यावल तालुक्यातून आलेल्या एका तडवी गृहस्थांनी दोन्ही शंका एकत्र मांडल्या. “धर्माच्या संस्थेतून डिग्री घेतली तर पुढे पोरीला कोणी विचारेल का?” दारात उभ्या उभ्या मी त्यांना जे सांगितले ते अपुरे होते. पूर्ण उत्तर इथे लिहीत आहे.

अभ्यासक्रमापासून सुरुवात करते, कारण बहुतेकांची भीती तिथेच असते आणि ती लवकर दूर होते. पदवी आमची संस्था देत नाही, विद्यापीठ देते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी १९९० साली स्थापन झालेले विद्यापीठ २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम आणि डेटाबेस हे विषय स्वायत्त नसलेल्या कोणत्याही संलग्न महाविद्यालयात त्याच अभ्यासक्रमानुसार शिकावे लागतात आणि विद्यापीठाची प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच असते. बी.सी.ए. हा संगणकाचाच दुसरा पदवी अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि त्याच वर्षी राज्यात त्याच्या प्रवेशासाठी सीईटी सुरू झाली. त्यामुळे संस्थेच्या फलकावर चंद्रकोर असो, क्रूस असो की ॐ असो, लिंक्ड लिस्टमधून, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या नोंदींच्या साखळीतून, नोड (एक नोंद) काढण्याची रीत बदलत नाही.

कायद्याचे म्हणाल तर राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा अधिकार दिला आहे. कलम २८(३) असे सांगते की शासनमान्य किंवा शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही. हे दुसरे कलम पालकांना फारसे माहीत नसते, म्हणून मी ते आवर्जून सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मी माझ्याच धर्माच्या लोकांनी चालवलेल्या एका महाविद्यालयात दोन वर्षे होते. तिथे सकाळच्या प्रार्थनेची हजेरी वेगळ्या वहीत लिहिली जाई आणि अंतर्गत गुण देताना ती वही प्राचार्यांच्या टेबलावर असे. नवापूरकडून आलेला, ख्रिस्ती घरातला एक आदिवासी मुलगा त्या प्रार्थनेच्या वेळी जिन्याखाली उभा राहत असे. मला ते दिसत होते, आणि मी नवी असल्यामुळे काही बोलले नाही. सक्ती कोणत्याही एका धर्माच्या संस्थेत असते असे मला तेव्हापासून कधी वाटलेले नाही. ती त्या त्या संस्थेच्या चालकांच्या मनात असते किंवा नसते, म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना याविषयी सरळ विचारावे.

मग धर्म इथे दिसतो कुठे? पहिल्यांदा वेळापत्रकात. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजासाठी दुपारी सुट्टी असते आणि प्रात्यक्षिकाची तुकडी अडीच वाजता बसते. रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. तो जेव्हा एप्रिल-मेच्या काहिलीत आला होता, तेव्हा आम्ही प्रयोगशाळा सकाळी आठला उघडत होतो, आणि रोजा नसलेल्या मुलांनाही तेच सोयीचे वाटत होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, इथे कोण येऊ शकते हे धर्माने ठरते. सावदा, फैजपूर, रावेर या बाजूच्या अनेक मुली उर्दू माध्यमातून बारावी होतात. घरातली पहिली पदवीधर होऊ पाहणाऱ्या अशा मुलीला अनोळखी महाविद्यालयात पाठवायला वडील तयार नसतात, परंतु या संस्थेचे नाव ऐकून तयार होतात. माझ्या वर्गात मुलींची संख्या मुलांपेक्षा अधिक असते, ती या विश्वासामुळे. या मुलींनी संगणकाला हात लावण्यामागे संस्थेच्या धार्मिक ओळखीचा वाटा किती मोठा आहे हे मी एकोणीस वर्षे पाहिले आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते सहजी दिसत नाही.

याच मुलींपैकी एकीच्या प्रकल्पाबद्दल मी थोडे सविस्तर लिहिणार आहे. तिसऱ्या वर्षाला प्रकल्प करावा लागतो आणि बहुतेक मुले ग्रंथालयाची किंवा दवाखान्याची नोंदवही संगणकावर आणतात. या मुलीने वारसाहक्काच्या वाटण्या करणारा प्रोग्रॅम निवडला. इस्लामी कायद्यात वारसांचे हिस्से अपूर्णांकात ठरलेले आहेत: निम्मा, पाव, एक-अष्टमांश, दोन-तृतीयांश, एक-तृतीयांश, एक-षष्ठांश. मला वाटले, आठ-दहा अटी लिहिल्या की काम संपेल. पहिल्याच चाचणीत आम्ही एक लाख रुपये तीन मुलांमध्ये समान वाटले. प्रत्येकाला ३३,३३३.३३ रुपये मिळाले आणि बेरीज ९९,९९९.९९ आली. ती म्हणाली, “मॅडम, कसर राहिली.” उर्दू माध्यमात अपूर्णांकालाच कसर म्हणतात, आणि मराठीत कसर राहिली म्हणजे काहीतरी कमी पडले. तिच्या वाक्यात दोन्ही अर्थ एकत्र आले होते. तो एक पैसा कोणाचा, हा प्रश्न तिने सोडला नाही. दशांश चिन्हाच्या संख्या संगणक द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) साठवतो, म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीजसुद्धा त्याच्याकडे अगदी ०.३ येत नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. दशांशात ठेवलेली संख्या नेहमी अचूक राहत नाही, हे तिला पुस्तकातून जेवढे कळले नव्हते तेवढे या एका पैशाने कळले. तिने दशांश टाकून दिले, अंश आणि छेद वेगवेगळे पूर्णांक म्हणून ठेवले आणि लसावि काढणारे फंक्शन स्वतः लिहिले.

खरी अडचण पुढे आली. एखादी स्त्री मूलबाळ आणि वडील मागे न ठेवता वारली, आणि मागे पती व दोन सख्ख्या बहिणी असल्या, तर पतीचा हिस्सा निम्मा आणि बहिणींचा मिळून दोन-तृतीयांश होतो. बेरीज सात-षष्ठांश, म्हणजे एकापेक्षा जास्त. प्रोग्रॅमने मिळकतीपेक्षा अधिक रक्कम वाटून टाकली. मला ती चूक वाटली. तिने घरी आजोबांना विचारले आणि दुसऱ्या दिवशी सांगितले की सुन्नी परंपरेत यावर शतकानुशतकांचा तोडगा आहे व त्याला ‘औल’ म्हणतात: छेद सहाऐवजी सात धरायचा, पतीला तीन-सप्तमांश, प्रत्येक बहिणीला दोन-सप्तमांश, म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा सारख्या प्रमाणात कमी होतो. त्या आठवड्यात विद्यार्थिनीने मला शिकवले आणि मी तिला त्या नियमासाठी चाचण्यांचा संच कसा बांधायचा ते शिकवले. ज्यांच्या नावावरून अल्गोरिदम (पायरीपायरीने उत्तर काढण्याची रीत) हा शब्द आला ते अल-ख्वारिज्मी नवव्या शतकात बगदादमध्ये होते, आणि बीजगणितावरच्या त्यांच्या ग्रंथाचा मोठा भाग वारसा आणि मृत्युपत्रांच्या वाटण्यांनीच व्यापलेला आहे. हे मी पूर्वी कुठेतरी वाचले होते, पण एका मुलीच्या प्रकल्पाने ते माझ्या विषयाचा भाग झाले.

श्रद्धा आणि संगणक यांची अशी गाठ केवळ आमच्याकडेच पडलेली नाही. अमेरिकेत संगणकशास्त्रातील पीएच.डी. मिळवणारी पहिली स्त्री सिस्टर मेरी केनेथ केलर ही कॅथलिक जोगीण होती. १९६५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठाची ती पदवी घेऊन ती आयोवा राज्यातील क्लार्क या कॅथलिक महाविद्यालयात गेली, तिथे तिने संगणकशास्त्राचा विभाग सुरू केला आणि वीस वर्षे तो चालवला. आणि आपल्याकडे, नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमने मदरशाच्या जोडीने अभियांत्रिकीचे आणि औषधनिर्माणशास्त्राचेही शिक्षण उभे केले आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, जी अभ्यासक्रमात दोन ओळींची असते. आमच्या काही मुलांनी रमजानमध्ये विधवांना शिधा वाटण्यासाठी यादी तयार केली: नाव, मोबाईल, आधार क्रमांक, घरातली माणसे. ती फाईल सोयीसाठी व्हॉट्सॲपच्या गटात टाकली गेली. माहितीच्या गोपनीयतेबद्दल मी वर्गात बोलले, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा दाखला दिला, आणि मुलांनी वहीत लिहून घेतले. पुढे संस्थेचे एक वयोवृद्ध विश्वस्त विभागात आले होते. त्यांना मी हा प्रकार सांगितला, तेव्हा ते मुलांना एवढेच म्हणाले, “ही माहिती अमानत आहे. ती त्या बायांची आहे, तुमच्याकडे फक्त ठेवायला दिली आहे.” हाच शब्द मराठीत अनामत होऊन आला आहे, आणि प्रयोगशाळेची अनामत रक्कम भरून पावती जपणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याचा अर्थ ठाऊक असतो. त्यानंतर मुलांनी ती फाईल गटातून काढली, आधार क्रमांकाचा रकानाच रद्द केला, आणि वाटप करणाऱ्याला फक्त त्याच्या गल्लीतली नावे दिसतील अशी व्यवस्था केली. कायद्याचे जे वहीतच राहिले होते ते या एका शब्दाने त्यांच्या कामात उतरले. धार्मिक संस्थेकडे असे शब्द असतात, आणि संगणक शिकवणाऱ्याने ते वापरावेत असे माझे ठाम मत आहे.

आता जे मला खुपते तेही लिहायला हवे. घटनेच्या कलम १५(५) मध्ये शिक्षणसंस्थांतील प्रवेशाच्या आरक्षणातून अल्पसंख्याक संस्थांना वगळले आहे. त्यामागचे कारण मला समजते, कारण अल्पसंख्याकांच्या संस्था त्यांच्याच हातात राहाव्यात हा त्याचा हेतू आहे. परंतु ज्या प्रदेशात भिल्ल, पावरा, कोकणा मुले एवढ्या संख्येने शिकू पाहतात, तिथे संस्थांनी स्वतः होऊन त्यांच्यासाठी दार उघडे ठेवले पाहिजे, आणि सगळ्या संस्था ते ठेवत नाहीत. तडवी समाज तर मुस्लिमही आहे आणि अनुसूचित जमातीतही आहे, त्यामुळे त्या गृहस्थांच्या लेकीकडे दोन्ही बाजूंचे कागद आहेत आणि कोणत्या खिडकीत कोणता द्यायचा हे त्यांना नीट सांगणारे कोणी नाही. दुसरे, शिक्षक नेमताना भल्या माणसाला प्राधान्य मिळते आणि विषय येणाऱ्याला कमी, असे अनेक धर्मसंस्थांत घडताना मी पाहिले आहे. सज्जन पण पॉइंटर (माहिती कुठे साठवली आहे त्याचा पत्ता) न समजलेला शिक्षक विद्यार्थ्याचे तीन वर्षांचे नुकसान करतो. तिसरे सर्वांत जड आहे. ज्या विश्वासाने वडील मुलीला इथे पाठवतात, तो विश्वास आमच्या फाटकापाशी संपतो. जळगावात तिच्या शिक्षणाला शोभेल अशा नोकऱ्या थोड्या आहेत, पुण्यात आहेत, आणि पुण्याला जाण्याचा विषय निघाला की तेच वडील गप्प होतात. वाटण्यांचा प्रोग्रॅम लिहिणारी ती मुलगी आज एका शाळेत पाचवी-सहावीला पेंट ब्रश आणि टायपिंग शिकवते. ती काम मनापासून करते. मी तिच्या घरी दोनदा गेले होते. दुसऱ्या वेळी तिच्या आईने एम.सी.ए. (संगणकातली पदव्युत्तर पदवी) किती वर्षांचे असते असे विचारले, आणि मी सांगितले की २०२० पासून ते दोन वर्षांचे झाले आहे.

म्हणून त्या तडवी गृहस्थांना, आणि तुम्हालाही, माझी विनंती आहे की प्रवेशाचा निर्णय फलक पाहून घेऊ नका. महाविद्यालय सुरू झाल्यावर, शक्यतो प्रात्यक्षिकाच्या दिवशी या. प्रयोगशाळेत किती संगणक मांडले आहेत त्यापेक्षा किती चालू आहेत ते मोजा, एका संगणकावर किती मुले बसली आहेत ते पाहा, कोण टंकत आहे आणि कोण नुसते पाहत आहे याकडे लक्ष द्या. अनेकदा मुलगा टंकतो आणि मुलगी वहीत उतरवते, तसे दिसले तर मला तिथेच सांगा. शिकवणारे पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, हे विचारायला संकोच करू नका. तिसऱ्या वर्षाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला त्याचा प्रकल्प उघडून दाखवायला सांगा आणि त्यातली एक ओळ काढली तर काय होईल ते विचारा. त्याने स्वतः लिहिला असेल तर तो सांगू शकेल. येताना मुलीला सोबत आणा आणि खुर्चीवर तिला बसवा. मंगळवारी आणि गुरुवारी तुकड्या सकाळी साडेआठला असतात, आणि यावलकडून येणाऱ्यांसाठी मी नऊपर्यंत थांबते.