आमची वाटचाल : गलाईवाल्यांच्या घरातली मराठी

खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातलं गलाईवाल्यांचं, म्हणजे सोनंचांदी वितळवून शुद्ध करणाऱ्यांचं, घर म्हणजे काय, हे सांगली जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दुष्काळानं माणसं बाहेर काढली आणि सोन्याचांदीच्या भट्टीनं ती जगवली. त्यांची मुलं वाढतात कोइमतूरला, लुधियानाला, कोलकात्याला. दिवाळीला, गावच्या जत्रेला आली की आजीचं बोलणं त्यांना कळतं, पण एसटीवरची पाटी वाचता येत नाही. या मुलांना घरबसल्या मराठी शिकता यावी म्हणून २००७ साली आम्ही पहिली सीडी काढली. चित्रावर क्लिक केलं की शब्द ऐकू येणार, अक्षर ओढून जागेवर नेलं की शब्द पुरा होणार. आपल्या भागात असं काम तेव्हा दुसरं कुणी करत असल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

आवाज बाईंचा. बाई म्हणजे झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आणि या धंद्यातल्या माझ्या पहिल्या भागीदार. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्यांच्या घरी, खिडक्या लावून, पंखा बंद करून आम्ही रेकॉर्डिंग करत असू. चौथ्या पाठात ‘धार’ या शब्दामागे बारीक कुकरची शिट्टी ऐकू येते. उच्चार इतका चोख होता की शिट्टीसकट आम्ही तो तसाच राहू दिला. ही शिट्टी ध्यानात ठेवा.

पहिले संच घेतले आबांनी. मूळचे विट्याजवळचे, दुकान कोइमतूरला. पैसे मोजून दिले आणि पुढच्या जत्रेला नातवाला घेऊन थेट ऑफिसात आले. पोरगं आमच्यासमोर वाचू लागलं. ‘शाळा’, ‘बाळ’, ‘फळा’ अगदी स्वच्छ. पण ‘भाकरी’ची ‘बाकरी’ आणि ‘घर’चं ‘गर’. बाईंनी लगेच ओळखलं. तमिळमध्ये ळ आहे, पण भ, घ, ध हे महाप्राण, म्हणजे जोरानं श्वास सोडून म्हणायचे आवाज, नाहीत. ते त्या पोराच्या कानावर घराबाहेर पडतच नव्हते. उत्तरेकडच्या हिंदी मुलखातल्या गलाईवाल्यांच्या मुलांचं नेमकं उलटं. त्यांचा भ खणखणीत, पण ‘शाळा’ची ‘शाला’ होते. बंगालमधल्या मुलांचं तो-ती-ते गडबडतं, कारण बांगला भाषेत नामांना लिंगच नाही. मराठीत तर तीन.

आमचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. दक्षिणेकडच्या संचात आम्ही जोड्या घातल्या : दार आणि धार, पार आणि फार, गर आणि घर. पडद्यावर दोन चित्रं, बाईंचा एक शब्द, मुलानं बरोबर चित्र निवडायचं. चुकलं तर कर्कश आवाज नाही, लाल फुली नाही. दोन्ही शब्द पुन्हा सावकाश ऐकू येतात, एवढंच. उत्तरेचा संच वेगळा, बंगालचा वेगळा. पुढची काही वर्षं धंदा बरा चालला.

२०१८ मध्ये मोठ्या शहरातल्या एका कंपनीचं मोबाइल ॲप आलं. किंमत आमच्या संचापेक्षा कितीतरी कमी, जाहिरात झकपक. आबांच्या सुनेनं ते उतरवून घेतलं आणि संध्याकाळी मला फोन केला : “दादा, ह्यात आपल्या बाईच बोलतात की!” मी ऐकलं. ‘धार’. मागे तीच शिट्टी. बाईंना ऐकवलं तेव्हा त्या काही बोलल्याच नाहीत, उठून आत गेल्या. मी कंपनीला पत्रं पाठवली, वकिलाची नोटीस दिली. त्यांनी काही महिन्यांनी आवाज बदलले. ना एक रुपया दिला, ना ‘चुकलं’ असा एक शब्द. तोवर आमची निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे गेली होती, आणि उरलेली मला विचारत होती की तुम्ही त्यांची नक्कल का करता. हे मी आजही विसरलेलो नाही आणि विसरणार नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आमचं ऑफिसही बुडालं. गाळ काढला, पुन्हा बसलो. पुराचा राग कुणावर धरणार?

पाठोपाठ फ्लॅश हे सॉफ्टवेअर गेलं. आमचे सगळे पाठ फ्लॅशमध्ये होते. ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनं पाठ उघडणंच बंद केलं. सगळं नव्यानं बांधायचं होतं आणि खात्यात पैसे नव्हते. आबांनी पुढच्या संचांची आगाऊ रक्कम पाठवली. कागद नाही, व्याज नाही. फोनवर एवढंच म्हणाले, “नातीचं राहिलंय अजून.”

आता पाठ एचफाइव्हपी या पाठ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. ते फुकट आहे, आणि ल्युमी हा प्रोग्रॅम वापरून त्याची एकच एचटीएमएल फाइल काढली की नेटशिवाय कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. गलाईच्या दुकानामागच्या खोलीत रेंज मिळेलच असं नाही, म्हणून पेन ड्राइव्हवर देतो. मूल बोलेल आणि यंत्र तपासेल, अशीही सोय त्यात आहे. आम्ही ती घेतली नाही. तिला नेट लागतं, आणि आमच्या चाचणीत मुलानं ‘दार’ म्हटलं तरी यंत्र ‘धार’ समजून शाबासकी देत होतं. आवाज ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये साफ करतो. बोलण्याआधी दोन सेकंद गप्प बसायचं, तेवढ्या शांततेचा नमुना घेऊन घरघर काढायची. सगळ्यात जास्त रडवलं श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधल्या मजकुरानं. युनिकोडमध्ये आणताना ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होत होतं, डोंगराच्या चित्राखाली समुद्र! बाईंनी चष्मा लावून ओळ न् ओळ तपासली.

जे या धंद्यात येऊ बघतात त्यांना सांगतो : आवाजाच्या मूळ वेव्ह फाइली तारखेसह दोन ठिकाणी ठेवा, त्यांतली एक नदीपासून लांब. आवाज देणाऱ्याशी लेखी करार करा. आपल्याकडे कॉपीराइट नोंदणीवाचूनही असतो, पण पुरावा तुम्हालाच दाखवावा लागतो.

आणि आयांनो, पेन ड्राइव्ह लावून देऊन स्वयंपाकाला जाऊ नका. रोज दहा मिनिटं शेजारी बसा. भ आणि ब साठी मुलाच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरा. भ म्हणताना ती हलली पाहिजे. गुण मोजू नका. पाठ झाला की त्यातला एक शब्द मुलाला गावाकडच्या आजीला फोनवर म्हणून दाखवायला लावा.

बाई अजून आवाज देतात. सध्या पंजाबकडच्या मुलांसाठी भ, घ आणि ध चे पाठ चालू आहेत. कुणाकडे आमची जुनी सीडी पडून असेल, चालत नसली तरी, ती ऑफिसात आणून द्या. तुमचं मूल ज्या राज्यात वाढतंय तिथला नवा संच पेन ड्राइव्हवर भरून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.