होय, ते जॅकेट अजून आहे

'एका जॅकेटला एवढे पैसे? आणि टिकतं का तरी?' न्यूकासलमध्ये चौदा वर्षं काढली, दर दिवाळीच्या जेवणाला कुणीतरी विचारतंच. बहुतेक वेळा स्वतःचा कोट माझ्या जॅकेटपासून लांब सरकवता सरकवता. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मेण लावलेलं सुती कापड, बार्बर या इंग्रज कंपनीचं 'बीडेल' नावाचं जॅकेट. 1980 मध्ये घोड्यावर बसणाऱ्यांसाठी काढलेलं. मी चढतो ते मेट्रोत. घेतलं त्या महिन्यात निम्म्या घरभाड्याएवढे पैसे गेले. मग मी ऐटीत हिशेब मांडायचो: किमतीला हिवाळ्यातल्या दिवसांनी भागा, रोजच्या चहापेक्षा स्वस्त! लबाडी होती ती. मेणाचे डबे त्यात नव्हते, बदललेलं अस्तर नव्हतं, आणि दर वर्षीचा एक अख्खा रविवार नव्हता. डबा गरम पाण्यात ठेवून मेण पातळ करायचं, स्पंजने शिवणींत भरायचं, हेअर ड्रायरने जिरवायचं. पुढे आठवडाभर बसमध्ये शेजारची सीट रिकामी.

आता न सांगितलेलं. जुलै 2016, चिपळूण. पावसाचं जॅकेट म्हणून पावसाळ्यात घेऊन गेलो, केवढी अक्कल! बार्बरचं दुकान 1894 मध्ये निघालं ते न्यूकासलजवळच्या साउथ शील्ड्सच्या बंदरावर. तिथल्या गारठ्यात मेण घट्ट राहतं. आमच्याकडे ते चिकट झालं. दाराआडच्या खुंटीला दहा दिवस टांगलं, तर कॉलरवर पांढरी बुरशी. आई म्हणाली, "अरे, ओल्या म्हशीचा वास येतोय याला."

मला लाज वाटली. ती बाजारात गेल्यावर मी ते मशीनमध्ये टाकलं. साबणाची पावडर, 40 अंश. धुवायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. बाहेर निघालं ते जुन्या परकरासारखं लुळं. घड्यांवरचं मेण गेलेलं, खांदे फिकट, ड्रमला आतून शेवाळी थर. आईच्या पांढऱ्या चादरींना पुढे महिनाभर तोच वास.

इकडे परत आल्यावर सगळ्यांना सांगितलं, "आईने मशीनला लावलं हो!" हशा पिकायचा. एकदा तर व्हिडिओ कॉलवर तिच्यासमोरच म्हणालो. ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "माझं मेलीचं लक्षच नसतं."

चामड्याचं घेऊ का, असंही विचारता. त्याची बुरशी पुसता येते, तेल दिलं की ते सावरतंही. पण कोकणात बंद कपाटात ठेवणार असाल, तर दोन्ही नकोत.

साबणाने मेण उतरलं की नवं सारखं बसत नाही. तीनदा लावून पाहिलं. डाव्या खांद्यातून अजून झिरपतं. तरी मी तेच घालतो. हट्ट म्हणा हवं तर, मला स्वतःलाच धड सांगता येत नाही.

परवा आईने विचारलं, "ते जॅकेट आहे का रे अजून?"

आहे म्हणालो. आणि वाशिष्ठीला पाणी किती चढलंय, ते विचारलं.