१९६६ ची एमजीबी, बडोद्याचा मे महिना आणि उलटा फिरणारा पंखा

मे महिन्यातला शनिवार, दुपारचे बारा, सावलीत ४१ अंश. आमच्या प्रतापनगरच्या शेडमध्ये गाडी आली तेव्हा बोनेटच्या फटीतून वाफ निघत होती. गाडी १९६६ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार: १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, जोडीचे एसयू कार्ब्युरेटर, सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. आपल्याकडच्या जुन्या अ‍ॅम्बॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे ज्यानं अ‍ॅम्बॅसडर उघडली आहे त्याला इथे परकं काही वाटत नाही.

मालक दांडिया बाजारातले, सत्तरीचे. उतरल्या उतरल्या म्हणाले, "आता रेडिएटरच बदलून टाका. अ‍ॅल्युमिनियमचा मोठा मागवू."

"मागवू काका, पण आधी गरम नेमकी कुठे आणि कधी होते ते सांगा."

"मांडवीच्या गर्दीत दहा मिनिटांत काटा वर. आणि हालोल रोडला ऐंशीनं नेली तरी पंधरा मिनिटांनी तेच."

या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. गर्दीत गाडी जवळजवळ उभीच असते, हवा फक्त पंख्याची, म्हणून तिथे गरम झाली तर दोष बहुधा हवेत. ऐंशीच्या वेगाला पंखा नसला तरी चालतं, समोरचा वारा पुरतो. तरीही काटा चढत असेल तर दोष पाण्याच्या वाहण्यात, जाळीत (नळ्या आणि पातळ पत्र्यांचा रेडिएटरचा मधला भाग) किंवा टायमिंगमध्ये (ठिणगी पडण्याच्या वेळेत). इथे दोन्ही ठिकाणी गरम होत होती, म्हणजे दोष बहुधा एकापेक्षा जास्त.

गाडी निवल्यावर थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावरच उघडणाऱ्या झडपेच्या) झाकणावर आणि रेडिएटरच्या दोन्ही टाक्यांवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली. इन्फ्रारेड थर्मामीटर चकाकत्या धातूवर खरं तापमान दाखवत नाही, दहा-वीस अंशांनी कमी सांगतो. काळ्या टेपवर आकडा भरवशाचा येतो. डॅशबोर्डवरच्या काट्याचा बल्ब काढून उकळत्या पाण्यात तपासता येतो, पण त्याची बारीक नळी पिळली गेली तर मीटरच जातो. म्हणून त्याला हात लावला नाही.

इंजिन सुरू करून तसंच ठेवलं. बाराव्या मिनिटाला थर्मोस्टॅटपाशी १०४. वरच्या टाकीवर ९८, पण जाळीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ५२. चांगल्या रेडिएटरमध्ये तापमान वरून खाली एकसारखं उतरत जातं. मध्येच एवढा थंड पट्टा म्हणजे तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नाही.

जाळीवर तिथेच शिक्का मारला असता, पण ग्रिलमागे कोणीतरी नंतर बसवलेला इलेक्ट्रिक पंखा होता. तो सुरू केला तर आकडा उतरायच्या ऐवजी दोन अंशांनी चढला. हे विचित्र होतं. देवघरातली उदबत्ती आणून पेटवली आणि ग्रिलसमोर धरली. धूर आत ओढला जायला हवा. तो आमच्या तोंडावर आला. पंखा हवा रेडिएटरमधून बाहेर, पुढच्या दिशेला फेकत होता. मागचा पट्ट्यावरचा पंखा हवा आत ओढतो, पुढचा ती बाहेर ढकलतो, आणि मध्ये जाळी.

कारण सरळ होतं. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, बॉडीला बॅटरीचा प्लस जोडलेला. एमजीबीत १९६७ च्या शेवटी, मार्क टू या दुसऱ्या आवृत्तीपासून, निगेटिव्ह अर्थ आला. पंखा बसवणाऱ्यानं सवयीनं काळी वायर बॉडीला आणि लाल स्विचकडून येणाऱ्या वायरला जोडली. या मोटरमध्ये कायम चुंबक असतो, वायरी उलट्या झाल्या की ती उलटी फिरते. आवाज तोच, वाराही लागतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. लाल वायर बॉडीला आणि काळी पुरवठ्याला जोडली, आणि धूर आत गेला. त्याच अवस्थेत १०४ चे ९७ झाले. एकही पार्ट न बदलता सात अंश.

रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) साधा असेल तर उलट ध्रुवतेवरही चालतो. आत डायोड असलेला रिले किंवा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर चालत नाही. म्हणून रेडिएटरच्या खालच्या टाकीजवळ साधा बायमेटल स्विच ठेवला. आणि आणखी एक गोष्ट काकांना तेव्हाच सांगितली: या गाडीत डायनॅमो आहे, लुकासचा सी ४०, जास्तीत जास्त २२ अँपिअरचा, आणि तोही इंजिन वेगानं फिरतं तेव्हाच. सावकाश आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) चार्जिंगचा दिवा पेटलेला असतो. पंखा एकटा आठ अँपिअर घेतो. म्हणजे गर्दीत तो बॅटरीवरच चालतो. त्याच्या भरवशावर गाडी थंड ठेवायची असेल तर आधी अल्टरनेटर हवा, तो सावकाश फिरतानाही चार्ज करतो. अल्टरनेटर घालायचा नसेल तर हवेचं आणि जाळीचं काम एवढं नीट व्हायला हवं की हा पंखा फक्त मदतीला राहील. आम्ही दुसरा रस्ता धरला.

मग पुढचं तपासलं. थर्मोस्टॅटची जागा रिकामी. गाडी गरम झाली की थर्मोस्टॅट काढून टाकायचा, हा आपल्याकडचा सर्रास उपाय आहे आणि मला तो पटत नाही. पाणी वेगानं गेल्यामुळे थंड होत नाही हे खरं नाही. खरं कारण वेगळं आहे. थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे ब्लॉकमध्ये पंपाचा दाब टिकतो. तो काढला की दाब पडतो आणि मागच्या सिलिंडरांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवती जागच्या जागी वाफ धरते. ८२ अंशांचा नवा थर्मोस्टॅट आधी पातेल्यात थर्मामीटर ठेवून तपासला, ८१ ला हलायला लागला, मग बसवला. कंपनीनं गरम प्रदेशांसाठी ७४ चाही दिला होता. तो चालेल, पण गाडी कमीत कमी किती गरम राहील एवढंच थर्मोस्टॅट ठरवतो; जास्तीत जास्त किती होईल ते रेडिएटर ठरवतो.

रेडिएटरचं झाकण दुसऱ्या गाडीचं, उंचीला कमी. त्याचं खालचं रबर गळ्याच्या आतल्या कड्यावर टेकतच नव्हतं, म्हणजे दाब शून्य. १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाखाली साधं पाणी ११५ अंशांपर्यंत उकळत नाही, दाब नसेल तर शंभरालाच उकळतं. झाकण घेताना पीएसआयइतकीच गळ्याची खोलीही मोजा.

टायमिंग लाइटनं पाहिलं तर ६०० आरपीएमला, व्हॅक्यूमची नळी काढून, ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या ४ अंश आधी. हवी १४ अंश आधी. ठिणगी उशिरा पडली की जळण एक्झॉस्टपर्यंत चालू राहतं आणि हेडला जास्त उष्णता जाते. ऐंशीच्या वेगाला गरम होण्यात याचा वाटा मोठा होता. गॅसकेटची शंका मिटवायला रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची टेस्टही केली. रंग निळाच राहिला, म्हणजे गॅसकेट शाबूत.

आता जाळी. रेडिएटर काढून टेबलावर उभा केला, वरून २० लिटर पाणी ओतलं. खालून बाहेर पडायला एक मिनिट पन्नास सेकंद लागले. मकरपुरा जीआयडीसीतल्या झाळकाम करणाऱ्याकडे वरची टाकी उतरवली, तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश नळ्या पांढऱ्या क्षारानं बंद. बोअरचं पाणी अनेक वर्षं. याआधी कधीतरी बदललेली ही जाळी दोन ओळींची होती.

अ‍ॅल्युमिनियम का नाही, हे काकांनी पुन्हा विचारलं. तांबं उष्णता जास्त वाहून नेतं. अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर बाजी मारतात ते रुंद नळ्यांमुळे, शिवाय त्यांत पत्रे आणि नळ्यांमध्ये झाळ नसते. पण मूळ पितळी टाक्या शाबूत होत्या, बसायच्या जागा त्याच राहणार होत्या, आणि पितळेचा रेडिएटर रस्त्यात कुठेही झाळता येतो. म्हणून टाक्या त्याच ठेवून तीन ओळींची तांब्याची जाळी बसवली. पत्रे इंचाला बारा. चौदा-सोळा घेतले तर कागदावर क्षेत्रफळ वाढतं, पण आपल्या रस्त्यांच्या धुळीत एका मोसमात ते चोंदतात. जाळी आधीपेक्षा १५ मिमीनं जाड झाली, पंख्याशी अंतर ३८ वरून २३ मिमीवर आलं. वीसच्या खाली जाऊ देऊ नये; जोराचा ब्रेक लागला की इंजिन रबरांवर पुढे झुकतं. रेडिएटरमध्ये १२ पीएसआय हवा भरून तो हौदात पंधरा मिनिटं बुडवून ठेवला, बुडबुडा नाही. रंग काळा, अगदी पातळ. जाड इनॅमल पत्र्यांच्या फटी बुजवतो. त्याच टेबलावर २० लिटर पाणी आता चाळीस सेकंदांत उतरलं.

नव्या जाळीत ब्लॉकचा गाळ जाऊ नये म्हणून तो आधी काढला. ब्लॉकच्या मागच्या बाजूची तोटी उघडली तर थेंब नाही. तोटी पूर्ण काढून तारेनं टोचलं, तेव्हा तांबडा चिखल आला. मागच्या सिलिंडरांभोवती गाळ साठतो तो इथेच, आणि ही तोटी फार कमी लोक उघडतात. सहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून जुन्याच रेडिएटरसह इंजिन अर्धा तास कोमट चालवलं, काढलं, खायच्या सोड्याच्या पाण्यानं एकदा आणि साध्या पाण्यानं चारदा धुतलं. हे द्रावण रात्रभर ठेवू नका, थर्मोस्टॅटचं अ‍ॅल्युमिनियमचं घर खातं.

भरताना बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड पाणी चार लिटर आणि हिरवं जुन्या पद्धतीचं कूलंट दोन लिटर. इथे बर्फ पडत नाही, ५० टक्के ग्लायकॉलची (कूलंटमधल्या गोठू न देणाऱ्या घटकाची) गरज नाही. पाणी त्याच्यापेक्षा जास्त उष्णता वाहतं. तिसरा हिस्सा गंजापासून बचावाला पुरतो. गाडीचं तोंड जॅकवर वर, हीटरचा व्हॉल्व्ह उघडा, म्हणजे हवा अडकत नाही.

शेवटचं काम सर्वांत स्वस्त. रेडिएटर ज्या पॅनेलवर बसतो त्याच्या वर आणि बाजूंना बोटभर फटी होत्या. रंगकाम झालं तेव्हा मूळ फोम परत लावलाच नव्हता. हवेला जाळीतून जाण्यापेक्षा फटीतून जाणं सोपं. २० मिमीच्या फोमच्या पट्ट्यांनी त्या बंद केल्या आणि ग्रिलमागचा जादा हॉर्न बाजूला सरकवला.

पुढच्या शनिवारी ४२ अंश होते. पंचवीस मिनिटं उभ्या गाडीत आयडल: इलेक्ट्रिक पंख्याशिवाय ९६, पंख्यासह ९१, तिथेच स्थिर. हालोल रोडला ऐंशीनं ८५. पोचून इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटं ९७ पर्यंत चढलं, उकळलं नाही. पाणी गळ्यापर्यंत भरू नका, काका, हे मात्र दोनदा सांगावं लागलं. या गाडीला ओव्हरफ्लोची बाटली नाही, गरम झालं की वरचं पाणी बाहेर पडतंच. एवढे दिवस ते उकळतंय समजून प्रत्येक वेळी वरपर्यंत भरत होते. पातळी गळ्याच्या २५ मिमी खाली, थंड असताना.

पंख्याच्या वायरींजवळ पितळेची छोटी पट्टी रिव्हेट केली आहे: "अर्थ पॉझिटिव्ह. लाल वायर बॉडीला."