बोरीची पानं

आज दाभोळला मित्राच्या अब्बांची मय्यत. गुसलच्या, म्हणजे दफनाआधी मृतदेहाला घालायच्या अंघोळीच्या पाण्यात टाकायला बोरीची पानं हवी होती, ती आणायला मी खाडीकाठी गेलो. हात काट्यांनी ओरबाडले.

आणि दादी आठवली, मित्राची. लहानपणी ओट्यावर बसून सांगायची : सातव्या आसमानात, शेवटच्या हद्दीवर एक बोर आहे, सिदरतुल मुंतहा. पानं हत्तीच्या कानांएवढी, बोरं रांजणांएवढी. मेराजच्या, म्हणजे स्वर्गारोहणाच्या रात्री पैगंबर तिथवर पोचले. कुराणात ५३ व्या सूरेत, अन-नज्ममध्ये, तिचा उल्लेख आहे. सृष्टीतल्या कुणाचंही ज्ञान तिच्यापलीकडे जात नाही, असं मानतात.

केवढी भव्य कल्पना, आणि झाड आपलं गडग्याकडेचं! अब्बा याच बोरीची बोरं आम्हाला मीठ लावून द्यायचे.

हाताला अजून पानांचा वास आहे.